बाबागाडी कोणाच्या हाती दिली

माझ्या मावशीला ज्याचं नाव-गाव ठाऊक नाही असा माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो काल-परवा बदली होऊन आलेला असणार. कळमनुरीच्या बाजारात ती अर्धा किलो वांगी आणायला जाते आणि वांगीवाल्याच्या सुनेचं माहेर, धाकट्याची नोकरी आणि भावकीतलं भांडण घेऊन येते. वांगी कधीकधी तिथंच राहतात. एकदा वाशीमच्या कुण्या गृहस्थाचा तिला चुकून फोन लागला. तुम्ही-आम्ही असतो तर 'राँग नंबर' म्हणून ठेवून दिला असता. मावशीनं त्याला त्याच्या आईच्या मोतीबिंदूपर्यंत बोलतं केलं. तो आता दर दिवाळीला न चुकता फोन करतो. मला मात्र या सगळ्याची लहानपणापासून लाज वाटत आली आहे, हे कबूल करून टाकतो. मी मुळात तोंड मिटून बसणारा. जीपमध्ये तिच्या शेजारी जागा मिळाली की मी सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत काढायचो.

त्यात तिचा एक कायदा फार पक्का. आपली वस्तू दुसऱ्याच्या हाती द्यायची तर आधी त्याचं नाव, गाव आणि 'तू कोणाचा' एवढं विचारायचंच. गिरणीत दळणाचा डबा ठेवताना, जीपच्या टपावर पोतं चढवताना, अगदी दवाखान्यात रक्ताची बाटली देतानासुद्धा. "नाव इचारलं का माणूस सामान जपतो," असं तिचं म्हणणं. "बिननावाच्या माणसाला काहून फिकीर पडंल?" यावर मी कधी वाद घातला नाही. घालून उपयोग नसतो.

तिची लेक वैशाली बेंगळुरूला नोकरीला. रजा संपली, लेकरू सांभाळायला बाई मिळेना, म्हणून नऊ महिन्यांची परी चार महिन्यांसाठी कळमनुरीला आली आणि तिच्यासोबत तिची बाबागाडी आली. ही गाडी अशी की आतल्या लेकराचं तोंड ढकलणाऱ्याकडं. मावशीनं तिचा वापर आपल्या पद्धतीनं सुरू केला. बाजारातून येताना परी कडेवर आणि गाडीत मेथीच्या जुड्या. दुपारी मात्र अंगणात त्याच गाडीत ती परीला झोपवायची, मागंपुढं ढकलत, एकमेकींच्या तोंडाकडं बघत. होता होता परीला बोल फुटले आणि ती मावशीलाच 'आई' म्हणू लागली. आम्ही सगळे हसलो. मावशी हसली नाही. दुसऱ्या दिवसापासून फोनमधला वैशालीचा फोटो पुढं धरून 'ही आई, मी आजी' अशी शिकवणी सुरू झाली. परी फोटोचा मुका घ्यायची आणि मावशीकडं वळून 'आई' म्हणायची. परीला पोचवायची विमानाची तिकिटं आली त्या दिवशी मावशीनं मला विचारलं, "पोरीनं मायीला वळखलं न्हाई तं?" ती आयुष्यभर लोकांना प्रश्न विचारत आली, पण या प्रश्नावर मी तिला तिकिटावरची तारीखच पुन्हा वाचून दाखवली.

सोबत म्हणून मी गेलो. नांदेडच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं बाबागाडीच्या दांड्याला कागदी पट्टी लावली आणि म्हणाली, विमानाच्या शिडीपाशी द्या, खाली सामानात ठेवतील.

"चिठ्ठी तं लावली," मावशी म्हणाली, "पण नेणार कोण?"

"स्टाफ नेईल, आजी."

"स्टाफचं नाव काय?"

मुलगी माझ्याकडं बघायला लागली. मी छताकडं बघितलं.

शिडीपाशी गाडी मिटवायची होती. मी दिसेल तो खटका दाबून घामाघूम झालो. शेवटी मावशीनं परीला माझ्याकडं दिलं, पायानं खालच्या दांडीला एक दणका दिला आणि गाडी गपकन मिटली. जाकीट घातलेला एक चाळिशीचा माणूस ती घ्यायला पुढं आला. त्यानं एका बाजूनं धरली, पण मावशी दुसरी बाजू सोडेना. मागं रांग थांबली होती.

"नाव काय बाबा तुझं?"

तो जरा दचकला. "संघपाल."

"गाव?"

"गोरेगाव."

"सेनगावाकडलं? मंग आपलाच हायेस की. कोणाचा रे तू? घरी कोण कोण हाय?"

"माय हाय. गुडघ्यांची लई तकलीफ हाय तिला."

"खाली मांडी घालू देऊ नको. खुर्चीवर बसव." एवढं सांगून तिनं हात सोडला. "लेकराची गाडी हाय, बराबर ठेव." तो मान हलवून गाडी घेऊन गेला आणि मी परीला घेऊन शिडी जवळजवळ पळतच चढलो.

बेंगळुरूला उतरलो तर गाडीचा पत्ता नाही. पट्ट्यावर सगळ्यांच्या बॅगा आल्या, गेल्या. मी इकडंतिकडं चौकशी करू लागलो. मावशी परीला मांडीवर घेऊन शांत बसलेली. "यील. संघपालनं ठेवली," म्हणाली. आणि खरंच, सगळ्यात शेवटी गाडी आली. वाटेत उघडू नये म्हणून तिच्या चाकांना सुतळीची घट्ट गाठ मारलेली होती. मावशीनं ती गाठ हातानं सोडवली आणि सुतळी पिशवीत ठेवली.

विमानतळाच्या बाहेरच्या दारात वैशाली उभी होती. तिनं दोन्ही हात पुढं केले आणि परीनं मावशीच्या खांद्यात तोंड खुपसलं. वैशालीचे हात तसेच राहिले. मला तिच्याकडं बघवेना. मावशीनं रडत्या परीला गाडीत बसवलं, पट्टा लावला, दांडा वैशालीच्या हातात दिला आणि म्हणाली, "ढकल तू." मग ती स्वतः वैशालीच्या पाठीमागं, परीला दिसणार नाही अशी चालू लागली. परी रडली, मान वाकडी करकरून शोधत राहिली. पण समोर तोंड एकच होतं. टॅक्सीपाशी पोचेस्तोवर ती नुसती हुंदके देत वैशालीकडं टक लावून बघत होती. एवढ्या वेळात मावशीनं टॅक्सीवाल्यालासुद्धा काही विचारलं नाही.

चौथ्या दिवशी आम्ही दोघं परतलो. नांदेडला शिडी उतरतो तर संघपाल सामानाची गाडी सोडून जवळ आला. "मावशी, लेकरू कुठंय?"

"तिच्या आईपाशी," मावशी म्हणाली. "आता बराबर आई म्हणती तिला." मग जरा थांबून तिनं विचारलं, "माय खुर्चीवर बसती का?"

"बसती," तो म्हणाला.

बाहेर कळमनुरीच्या जीपवरच्या एका नव्याच माणसानं तिच्या हातातली पिशवी घेतली आणि टपावर टाकली. तिनं मुकाट्यानं देऊन टाकली आणि आत जाऊन खिडकीशी बसली. मी वाट बघितली. ती बाहेरच बघत होती. मग मीच घसा खाकरला आणि त्या माणसाला विचारलं, "दादा, नाव काय तुमचं? गाव कोणतं?"

त्यानं सांगितलं. मी जीपमध्ये येऊन बसलो. जीप सुटली.

"कोणाचा, ते न्हाई इचारलं," मावशी खिडकीकडं बघतच म्हणाली.