गाण्याच्या मेळ्यात दिनकरची झोप

वर्षभर आम्ही चौघे मित्र आपापल्या कामाला जुंपलेले असतो आणि आमच्या बाबतीत सांगण्यासारखं काही म्हणजे काही घडत नाही. माझं वाशीमला कोर्टासमोर झेरॉक्सचं दुकान. तिथे जे घडतं ते लोकांचं घडतं, मी फक्त त्याच्या कॉप्या काढतो. पण मे महिन्यातल्या मेळ्याच्या त्या चार दिवसांत एवढा माल जमा होतो की पुढचं वर्षभर चहासोबत तोच पुरतो. बायको म्हणते, "तुमी तिथं गानं आयकायले जाता का किस्से आनायले?" आता मलाही नक्की सांगता येत नाही.

मेळा भरतो मंगरूळपीरच्या अलीकडे, रस्त्यापासून जरा आत, एका मोकळ्या वावरात. ऊन एवढं असतं की दिवसा गाणाऱ्याचं तोंड उघडणार नाही, म्हणून एक बैठक पहाटे आणि एक दिवेलागणीला. मधल्या वेळात गाणारे, वाजवणारे, ऐकणारे सगळे एकजात आंब्याखाली आडवे. तिकीट नाही. सतरंजी आपली, पाणी आपलं, भाकरी आपली.

आम्हाला तिथे पहिल्यांदा नेलं चौघांतल्याच हसनभाईंनी. ते मंगरूळपीरचे मंडप-साउंडवाले. "स्पीकर उचलू लागा, गानं फुकट आयका," असा रोख व्यवहार होता. वसंता आला, कारण वसंता कुठेही येतो. त्याची शेती मोठी, आवाज त्याहून मोठा. आणि दिनकर आला. दिनकर वाशीमच्या जवळच भाजीपाला लावतो. वांगी, मेथी, कोथिंबीर. स्पीकर उचलले, सतरंजी टाकली, गायकाने पहिला सा लावला आणि दिनकर झोपला.

बैठक संपल्यावर आम्ही त्याला हलवून उठवलं. वसंता म्हणाला, "लाज वाटते का बे? एवढं चांगलं गानं झालं."

दिनकर डोळे चोळत म्हणाला, "चांगलं नसतं तं एवढी झोप लागली असती का?"

*

त्याच्या झोपेत त्याचा दोष नव्हता. तेव्हा शेतीची लाईन रात्रीची असायची. अख्खं गाव झोपलं की वीज येणार, मग हा टॉर्च घेऊन मळ्यात जाणार, मोटर चालू करणार आणि एकेका वाफ्यात पाणी सोडत फिरणार. उजाडायच्या आत भाजी घेऊन बाजारात हर्रासाला हजर. अडत्या भाव पुकारतो, घेणारे बोटं वर करतात, आणि दिनकर एका कोपऱ्यात उभा राहून मान हलवत नाही म्हणतो.

एका वर्षी एक तरुण गायक आला होता. काय त्याच्या ताना! वरून खाली, खालून वर, श्वास कुठे घेतो तेच कळेना. मंडपात सगळे स्तब्ध. शेवटची तान समेवर येऊन थांबली, वसंताचं बोट आपसूक वर गेलं आणि त्या शांततेत आमच्या सतरंजीवरून दिनकरचा झोपेतला आवाज आला.

"नाई परवडत! याच्या खाली नाई देत!"

सगळा मंडप आमच्याकडे पाहायला लागला. मी सतरंजीत तोंड खुपसलं. गायक मात्र हसला, म्हणाला, "काका, मीही देत नाही," आणि त्याने तीच तान आणखी वरून घेऊन दाखवली.

*

हसनभाईंचं गाण्याबद्दलचं मत एकाच वाक्यात मावतं. कोणीही गाऊन जाऊ दे, आपण विचारलं की, "हसनभाई, कसं झालं?" तर उत्तर ठरलेलं. "माईक बराबर होता."

एकदा संध्याकाळी ऐन रंगात लाईन गेली. जनरेटर घुर्र करून बंद पडला. हसनभाई घामाघूम होऊन त्याची दोरी ओढताहेत, पोरांवर ओरडताहेत. तिकडे गाणारे म्हातारेबुवा थांबलेच नाहीत. लोक सतरंज्या ओढत हळूहळू पुढे सरकले आणि मंचाला चिकटून बसले. बुवांचा उघडा आवाज, वारा आणि आंब्याची पानं, एवढंच ऐकू येत होतं. जनरेटरची दोरी हातात धरून हसनभाई तसेच उभे राहिले. पुन्हा त्यांनी ती ओढलीच नाही.

नंतर मी मुद्दाम विचारलं, "कसं झालं हसनभाई?"

त्यांनी जनरेटरची दोरी गुंडाळून ठेवली. मग म्हणाले, "पुढच्या साली मले नका बोलावू. माझं इथं काय काम हाय?" पुढच्या साली ते सगळ्यांच्या आधी आले हा भाग वेगळा.

*

त्यानंतरच्या वर्षी एका मोठ्या गायकांना वाशीम स्टेशनावर घ्यायला जायचा मान वसंताला आणि मला मिळाला. आम्ही हार घेऊन उभे. गाडी आली, गेली, गायक नाहीत. झालं होतं असं की गाडी वाशीमच्या अलीकडे जऊळक्याला क्रॉसिंगसाठी थांबली, बुवा पाणी प्यायला उतरले आणि गाडी सुटली. तंबोरा ते कधी नजरेआड करत नाहीत म्हणून तो तेवढा हातात होता.

आमचा दिनकर नेमका त्या दिवशी जऊळक्याला कोणाला तरी वांग्याची रोपं पोचवायला पिकअप घेऊन गेला होता. स्टेशनाबाहेर तंबोरा धरून बसलेला माणूस पाहून त्याने विचारलं, "कुठी जाता?" ते म्हणाले, "मंगरूळपीरच्या मेळ्याला." दिनकरला वाटलं, आपल्यासारखाच ऐकायला निघालेला कोणी शौकीन. बुवांना शेजारी बसवलं, तंबोरा मागे रिकाम्या क्रेटमध्ये पोत्यांवर निजवला आणि वाटेत या नवख्या माणसाला मेळा समजावून सांगितला.

"पह्यल्या दिवशी नुसता कल्ला असते. दुसऱ्या दिवशी थे मोठे बुवा हायेत, त्याईले आयकजा. एकदम हळू गातेत. मस्त झोप लागते."

दुसऱ्या दिवसाचे मोठे बुवा शांतपणे ऐकत होते. मेळ्यात गाणं सुरू करायच्या आधी ते माईकवर म्हणाले, "आज माझ्याकडून एका श्रोत्याची मोठी अपेक्षा आहे, मस्त झोपेची. पुरी होते का पाहतो." सगळे श्रोते माना वळवून दिनकरला शोधायला लागले. तो आधीच झोपला होता.

तेव्हापासून मेळ्यात दिनकरला ओळखत नाही असा माणूस उरला नाही. नवीन कोणी आलं तर जुने लोक त्याला मंच दाखवायचे, पाण्याचा टँकर दाखवायचे आणि दिनकर दाखवायचे.

*

सुनीता वहिनींना, म्हणजे दिनकरच्या बायकोला, हे सगळं आमच्याकडून कळायचं. त्या मला विचारायच्या, "भाऊजी, हे तिथं खरंच गानं आयकते का?" मी म्हणायचो, "वहिनी, डोळे मिटून आयकते." मग त्या पदर तोंडाला लावून हसायच्या. वर बजावायच्या, "उठवू नका मात्र त्याईले. घरी मोटर झोपू देत नाई."

एका वर्षी त्या स्वतःच आल्या. आमच्यासाठी भाकरी, ठेचा आणि कैरीचं पन्हं घेऊन. संध्याकाळच्या बैठकीला दिनकरच्या शेजारी बसल्या. आम्ही तिघे दिनकरकडेच पाहत होतो, आता डुलकेल, मग डुलकेल. पण झालं उलटं. थोड्याच वेळात वहिनींचीच मान कलली आणि त्या त्याच्या खांद्यावर गाढ झोपल्या. पहाटेपासून त्याही राबतच होत्या ना.

दिनकर हलला नाही. डास बसला तरी हात उचलला नाही. त्याने पहिल्यांदाच अख्खी बैठक जागून ऐकली. दुसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "लय लांब असते बे गानं. तुमी लोक दरसाली पुरं आयकता?"

*

गेल्या पावसाळ्यात वहिनी गेल्या. ताप आला, वाशीमहून अकोल्याला नेलं आणि तिथून त्या परत आल्या नाहीत.

त्याच सुमारास दिनकरच्या मळ्यात सौर पंप बसला. आता पाणी दिवसा. रात्र सगळी त्याची. आणि त्याची झोप उडाली. साधी उडाली नाही, पारच गेली. हा माणूस रात्र रात्र ओट्यावर बसून राहायचा. शेजारीपाजारी सांगायचे, कधीही उठून पाहा, दिनकर बसलेलाच आहे. डॉक्टरने गोळ्या दिल्या, त्या त्याने घेतल्या नाहीत. म्हणायचा, "झोपलो अन् इकडं तिनं आवाज देल्ला तं?" गाल आत गेले, बोलता बोलता शब्द हरवायला लागले, एकदा पिकअप रस्त्याखाली उतरवली. आम्हाला भीती वाटायला लागली की हाही आपल्या हातून जातो.

हसनभाई म्हणाले, "मेळा येऊ द्या. तिथं झोपन तो."

तर यंदा आम्ही गाणं ऐकायला गेलोच नाही. आम्ही दिनकरला झोपवायला गेलो. तसं त्याला सांगितलं नाही, पण तयारी सगळी तीच. नेहमीच्या जागी सतरंजी टाकली. हसनभाईंनी आमच्याकडच्या स्पीकरचं तोंड फिरवून ठेवलं. आयुष्यभर फास्ट गाण्यावर जीव टाकणारा वसंता यादी पाहून विचारत फिरत होता, "यातला सगळ्यात हळू गानारा कोन हाय?"

पहिली बैठक. दिनकर ताठ बसलेला, डोळे उघडे. दुसरी बैठक, तसाच. बैठक संपली की तो सगळ्यांसोबत टाळ्या वाजवायचा. दिनकरला टाळ्या वाजवताना मी कधी पाहिलं नव्हतं आणि मला ते अजिबात पाहवत नव्हतं. ओळखीचे लोक येऊन विचारायचे, "दिनकरभाऊ जागा कसा काय?" आम्ही सांगायचो. मग ते मुकाट आपल्या जागेवर जाऊन बसायचे.

तिसरा दिवसही तसाच गेला. हसनभाईंनी जेवताना भाकरी बाजूला सारली आणि म्हणाले, "माईक बराबर होता. पन उपयोग काय?"

*

शेवटच्या पहाटे एक वयस्क बाई गायला बसल्या. पहिल्यांदाच आल्या होत्या, त्यांना आमच्यापैकी कोणी माहीत नव्हतं. अंधार होता, गार वारा होता. बाईंनी गाणं सुरू केलं आणि आम्ही सवयीने दिनकरकडे पाहिलं. डोळे उघडे. आम्ही आशा सोडली आणि गाणं ऐकायला लागलो. बरंच उजाडल्यावर माझ्या लक्षात आलं की वसंता वा म्हणत नाहीये. बाई एवढं सुंदर गाताहेत आणि वसंता गप्प, म्हणून मी मान वळवली. दिनकरचं डोकं वसंताच्या खांद्यावर होतं. तोंड उघडं. वसंता श्वाससुद्धा जपून घेत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मग दिनकर घोरायला लागला.

पुढच्या रांगेतलंच घोरणं ते, मंचावर गेलं. मेळ्याचा एक नवा कार्यकर्ता लगबगीने उठवायला आला. बाईंनी हात वर करून त्याला जागीच थांबवलं आणि माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. मी वाकून मंचाजवळ गेलो आणि हळूच सांगितलं, "त्याची बायको गेली. पावसाळ्यापासून झोपला नाही तो."

बाईंनी मान हलवली. तबलेवाल्याला हाताने थांब म्हणाल्या. माईक स्वतःच बाजूला सरकवला. आणि पुढे त्या एवढ्या हळू गायल्या की मागच्यांना नक्कीच ऐकू गेलं नसेल. मागच्यांपैकी कोणीही आवाज वाढवा म्हटलं नाही.

गाणं संपलं. टाळी वाजली नाही. बाईंनी मंचावरून सगळ्यांना हात जोडले, लोकांनी बसल्या जागी हात जोडले. मग माणसं उठली, चपला हातात घेतल्या आणि अनवाणीच वावरातून रस्त्याकडे चालत गेली. कडेवरच्या लेकरांच्या तोंडावर बायांनी हात ठेवले होते. गाड्या रस्त्यापर्यंत ढकलत नेल्या आणि तिथे चालू केल्या.

हसनभाईंना त्याच दिवशी वाशीमला एका लग्नाचा मंडप टाकायचा होता. त्यांची माणसं कामाला लागली. मंच निघाला, स्पीकर निघाले, बांबू एकेक करून हातावर झेलून आडवे ठेवले. बघता बघता वावर मोकळं झालं, ऊन कडक झालं. फक्त दिनकर आणि वसंताच्या डोक्यावरचं एक कापड आणि त्याचे चार बांबू तेवढे हसनभाईंनी काढू दिले नाहीत. लग्नवाल्यांचा फोन आला तेव्हा ते पार आंब्यापर्यंत गेले आणि तोंडावर हात धरून म्हणाले, "निघाला मंडप. एक कापड कमी येईन, तेवढं सांभाळून घ्या."

ऊन डोक्यावर आलं तेव्हा दिनकरने अर्धवट डोळे उघडले. चहूकडे मोकळं वावर, ना मंच, ना माणूस.

"झालं का बे गानं?" त्याने विचारलं.

"नाई," वसंता म्हणाला. "चालू हाय अजून. झोप तू."