शेजारणीचं विचारायचं होतं

वकीलबाई कुणाचं गाऱ्हाणं ऐकताना मान वर करत नसत. पुढ्यात मेथीची जुडी घ्यायच्या, पानं खुडत बसायच्या आणि म्हणायच्या, "बोला. कुणाचं विचारायचंय?"

समोरची बाई हमखास सांगणार, "शेजारणीचं."

मंचरला माझं शिवणाचं दुकान आणि त्यांच्या घराची पुढची खोली यांच्यात एकच भिंत होती आणि भिंतीत एक दार. आता आमच्याकडचं तुम्हाला ठाऊकच आहे. बाईमाणसानं वकिलाची पायरी चढली, की संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर तिचा संसार मोडून झालेला असतो. म्हणून बाया आधी माझ्याकडे यायच्या, हातात ब्लाउज घेऊन, आणि मधल्या दारानं गुपचूप पलीकडे. निरगुडसरच्या एकीनं तर एकच ब्लाउज आधी सैल करायला आणला, मग घट्ट, मग परत सैल. मी म्हटलं, "अगं बये, अंग एकच हाय ना तुझं?" ती लाजून दाराकडे बघायला लागली.

प्रश्न तरी काय असायचे? मिक्सर आठवड्यात जळला, दुकानदार दाद देत नाही. भाड्याच्या खोलीत बुद्धाची तसबीर लागली आणि दुसऱ्याच दिवशी घरमालकानं नळ बंद केला. बाई म्हणायच्या, "पाणी तोडायचा हक्क त्याला नाही. शेजारणीला म्हणावं, अर्ज मी लिहिते."

कळंबची एक नवी नवरी आली होती. हातावरची मेंदी अजून गेली नव्हती. "माझ्या मैत्रिणीचं हाय," ती म्हणाली. "लग्नातलं सोनं सासूनं सांबाळायला म्हून घेतलं. आता मागायची लई लाज वाटती तिला."

बाईंचे हात थांबले नाहीत. "तुझ्या मैत्रिणीला सांग, सोनं तिचंच आहे. लाज तिला कशाला? घेऊन बसलेल्याला वाटू दे."

मुलगी उठून जाईपर्यंत 'तुझं सोनं' असं त्या चुकूनसुद्धा म्हणाल्या नाहीत. नंतर मी विचारलं, "बाई, शेजारीण-बिजारीण कुणी नसते, कळतं ना तुम्हाला?"

"कळतं की. पण तेवढाच आडोसा असतो गं तिला. तो मी कशाला काढून घेऊ?"

अशी ही बाई. जगाला सांगायची, सही करायच्या आधी चार दिवस थांबा. आणि स्वतः एकुलत्या एका मुलाच्या लग्नात, हौसेनं, राहतं घर त्याला बक्षीसपत्रानं देऊन आली. वर गल्लीत पेढे वाटले! मीही खाल्ला.

मागच्या उन्हाळ्यापासून भिंतीपलीकडून त्या मुलाचा आवाज यायला लागला. "घर माझ्या नावावर आहे. पुढची खोली मोबाइलच्या दुकानाला द्यायचीय. तू मावशीकडे जाऊन राहा." मी मशीन जोरात चालवायचे. मला काही ऐकू येत नाही असं बाईंना वाटावं म्हणून. पण मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एका दुपारी त्या माझ्या दुकानात आल्या. मधल्या दारानं नाही, रस्त्यावरून, गिऱ्हाइकासारख्या. हातात ब्लाउज. "जरा सैल करायचाय."

मीच शिवलेला, अंगावर नीट बसलेला ब्लाउज होता तो.

"माझ्या एका मैत्रिणीचं विचारायचं होतं," त्या म्हणाल्या. "मुलाला घर दिलं, आता तो तिला बाहेर काढतोय. कायदा ठाऊक आहे तिला. प्रांतसाहेबांकडे अर्ज केला तर घर परत मिळेलसुद्धा. पण अर्जात मुलाचं नाव लिहायला हात उचलत नाही तिचा. काय करावं तिनं?"

माझी मान आपोआप खाली गेली. मी कुणाचीतरी शिवण उसवत बसले.

"तुमच्या मैत्रिणीला सांगा," मी म्हटलं, "लाज तिला कशाला? घेऊन बसलेल्याला वाटू दे."

ब्लाउजची घडी सारखी करत त्या म्हणाल्या, "सांगते. पण तिला वाटते गं. तिनंच वाढवलाय त्याला."

ब्लाउज तिथंच ठेवून त्या गेल्या.

अर्ज झालाच नाही. पंधरवड्यात बाईंची वकिलीची पाटी उतरली आणि मधलं दार पलीकडून विटांनी बुजवलं. त्याच दिवशी मुलगा माझ्या दारात आला. चांगला हसतमुख. "काकू, आईचं काही राहिलंय का तुमच्याकडे? मावशीकडे पाठवून देतो."

ब्लाउज खुंटीवर, त्याच्या डोळ्यांसमोर होता.

"न्हाई," मी म्हटलं.

ब्लाउज अजून तिथंच आहे. त्याचा एक टाकाही मी उसवलेला नाही. बायांनी विचारलं तर सांगते, गिऱ्हाईक यायचंय.