निरोपानंतरचा सोमवार

ऑकलंडहून ग्वाल्हेरला आत्याकडे आम्ही सुट्टीसाठी आलो होतो. निदान मला तरी तसंच सांगितलं होतं. मी नऊ वर्षांचा. सुट्टी लांबली तेव्हा आई म्हणाली, पप्पा तिकडून तिकिटं काढेपर्यंत नुसता घरी बसून काय करशील, शाळेत जाऊन येत जा. मला ते पटलं. यावरून माझ्या बुद्धीचा अंदाज यावा.

आतेभावाचा जुना गणवेश घालून मी वर्गात पाहुण्यासारखा बसायचो. गृहपाठ करत नसे. पाहुण्याला कुणी भांडी घासायला लावतं का? हिंदी मात्र बाकावरच्या शेजाऱ्यानं शिकवली, शिव्यांपासून सुरुवात करून. थंडी पडली तरी मी आपला तिथेच. परत कधी जायचं, असं आईला पुन्हा विचारलं, तर म्हणाली, "पुढच्या आठवड्यात बघू." मी शाळेत जाहीर करून टाकलं, पुढच्या आठवड्यात जाणार.

शनिवारी वर्गानं निरोप दिला. मॅडमनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या, तीळ-गुळाची गजक वाटली. मी भारावून माझी परदेशी कंपासपेटी शेजाऱ्याला देऊन टाकली. घरी दुसरी होती ना. ऑकलंडच्या घरी.

संध्याकाळी आई मला पाटणकर बाजारात घेऊन गेली. वाटलं, तिकडच्या मित्रांसाठी काहीतरी घ्यायचं असेल. ती शिरली शिंप्याच्या दुकानात. त्यानं माझ्या कमरेला टेप लावली आणि आई त्याला म्हणाली, "भैया, स्कूल की पैंट है, ढीली ही रखना. बढ़ता बच्चा है, तीन-चार साल चलानी है."

मला अजून हिंदी कळत नाही, अशी तिची समजूत होती.

मी मापासाठी हात वर केले होते, ते तसेच राहिले. शेवटी शिंप्यानंच ते खाली केले.

रस्त्यात विचारलं, "पप्पांना माहीत आहे?"

"त्यांनीच ठरवलं रे. तिकडचं घर सोडलंय. तुला उगाच त्रास नको म्हणून..."

आत्यालाही माहीत होतं. आतेभावालासुद्धा, आणि तो तर चुगलीखोर म्हणून घरात प्रसिद्ध.

सोमवारी वर्गात शिरलो.

"अबे, तू गया नहीं?"

विमान बिघडलं, असं मी सांगितलं. वर्ग हसला आणि 'झूठा' हे नाव मला जे चिकटलं ते चिकटलंच. शेजाऱ्यानं माझ्याच पेटीतली एक पेन्सिल मला वापरायला दिली आणि विचारलं, अब कब जाएगा? म्हटलं, आईला विचारून सांगतो.

विचारलं मात्र नाही. ती पुन्हा 'बघू' म्हणाली असती, आणि माझा काय नेम, मी पुन्हा विश्वास ठेवला असता.