पाहुण्यांसाठी बांधलेली पट्टी

राजापेठेत फुलं घ्यायची तर बेबीताईकडून, हे तिथल्या बायकांना कुणी सांगावं लागत नाही. शेवंती ताजी, माप मोकळं आणि जीभ धारदार. फुटपाथवर पोतं अंथरायचं, एक पाय मुडपून घ्यायचा, दुसऱ्या पायाचा गुडघा उभा करून अंगठ्याला दोरा अडकवायचा आणि गिऱ्हाइकाशी भांडता भांडता हार ओवायचा, अशी तिची बैठक. भोवती टोपल्या, मागे पाण्याची बादली, मांडीशी तराजू, सगळं हाताच्या अंतरावर. हा धंदा जमिनीवर बसूनच होतो. शेजारच्या पार्बताबाईने तो स्टुलावर बसून करून पाहिला होता. वाकून वाकून तिची कंबर धरली आणि शेवटी टोपल्या सुनेच्या हवाली करून ती घरी बसली. काही वर्षांपूर्वी तिचा पाय मोडला होता, तेव्हापासून गुडघा वाकतच नव्हता.

बेबीताईवर ही पाळी आली ती आषाढातल्या एका सकाळी. बाजारातून फुलं घेऊन ती नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसली होती, दोन्ही पाय एका बाजूला आणि मांडीवर फुलांचं भलंमोठं गाठोडं. किसनराव गाडी इतकी जपून चालवतात की सायकलवालेसुद्धा त्यांना मागे टाकतात. पण ट्यूशन क्लास सुटले की राजापेठेत जपून चालवणाराच आधी गोत्यात येतो. समोर एकदम चार गाड्या आडव्या आल्या, किसनरावांनी करकचून ब्रेक दाबला आणि बेबीताई खाली गेली. गाठोडं सोडलं असतं तर हात टेकवता आला असता. तिने गाठोडं सोडलं नाही.

"लागलं का वं?" किसनराव धावले.

"फुलाईवर पाणी शिपडा आधी," बेबीताई म्हणाली. मग उठायला गेली आणि तिथेच बसली.

हाडांच्या डॉक्टर मैथिलीबाई वयाने तिच्या लेकीएवढ्या. त्यांनी एक्स-रेचा फोटो उजेडात धरून दाखवला. गुडघ्याच्या सांध्याला लागूनच नडगीचं हाड मोडलं होतं.

"मावशी, प्लेट बसवावी लागेल. पण सगळा पाय उघडायची गरज नाही. बाजूला दोन छोटे छेद घेऊ, प्लेट कातडीखालून सरकवू आणि बारीक भोकांतून स्क्रू लावू. आत काय चाललंय ते मशीनच्या पडद्यावर दिसत राहतं."

बेबीताईने जरा विचार केला. "म्हणजे नेफ्यात नाडा ओवतो, तसं?"

डॉक्टर खळखळून हसल्या. "अगदी तसंच! नाड्यासाठी आपण सगळा नेफा थोडाच उसवतो? आतलं मांस कमी दुखावतं, हाड जुळायला बरं पडतं. आणि मुख्य म्हणजे गुडघा लवकर हलवता येतो."

ऑपरेशन छान झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी दोनच गोष्टी बजावल्या. पायावर वजन टाकायचं नाही आणि गुडघा मात्र रोज वाकवायचा. पहिली गोष्ट बेबीताईला लगेच पटली. दुसरी म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी! मोडलेलं हाड हलवायचं नसतं हे तिला तिच्या आजीपासून ठाऊक होतं. तरी डॉक्टरांचा मान म्हणून ती थोडा थोडा वाकवत होती. तेवढ्यात टाके निघाले आणि बार्शीटाकळीहून नत्थुजी आले.

नत्थुजी हे तिचे थोरले भाऊ. बहिणीचं ऑपरेशन झालं म्हणून हातातलं काम टाकून, अकोल्याला गाडी बदलून, पपयांची पिशवी सांभाळत ते आले होते. आल्या आल्या खाटेशी बसले आणि म्हणाले, "दाखव बरं."

बेबीताईने लुगडं जरा वर सरकवलं.

"ऑपरेशन कुठं हाय?"

"हे काय, दादा."

नत्थुजींनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. "हे? अवं, बाभयीचा काटा रुतला तं याच्यापेक्षा मोठी खूण राह्यते! एवढ्याशातून लोखंडाची प्लेट आत कशी जाईन? तुले बनवलं, बेबे."

तिने नाड्याची गोष्ट सांगितली, ती त्यांच्या गळी उतरली नाही. तिने फोटो दाखवला. "फोटोचं काय सांगतं! आजकाल मोबाइलवर कोनाचंबी मुंडकं कोनालेबी लावते."

नत्थुजी गेले, पण त्यांचं म्हणणं गल्लीत राहिलं. आजाऱ्याला भेटायला यायचं तर जखम पाहूनच जायचं, ही आपल्याकडची रीत. केळी आणायची, हळहळायचं, आणि हळहळायला काही दिसलं नाही तर केळी वाया गेल्यासारखं वाटतं. बायका येत, दोन बोटभर खुणा पाहत आणि एकमेकींकडे बघत. जाताना दारात कुजबुज चाले. "एवढ्यासाठी बाई महिनाभर खाटेवर! अन् तिकडे किसनराव बिचारा फुलं विकून राहिला." पार्बताबाईच्या वेळी कसं होतं! मांडीपासून खालपर्यंत चीर, वर पट्ट्यांचा ढीग. लोक बघून पदर डोळ्यांना लावत.

दुखणं सगळं आपलं आणि वर आळशीपणाचा शिक्का, हे बेबीताईला सहन होईना. जन्मात तिला कुणी आळशी म्हटलं नव्हतं. तिने सुनेला हाक मारली.

"दीपमाले, बांध वं मले एक दाखवाची पट्टी."

दीपमालाने शाळेत नाटकांतून कामं केली होती, तिची हौस कुठे मावायची! तिने कापूस लावला, त्यावर क्रेप बँडेज, त्यावर जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळली आणि वरून लाल औषधाचा एक डाग असा बेमालूम टाकला की किसनरावच बाजारातून आल्यावर घाबरले. गुडघ्याचा चांगला भोपळा झाला. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो असा. पण काम झालं. बायका आल्या, चुकचुकल्या, पदर डोळ्यांना लागले. "सोसलं बाई लय," असं म्हणून गेल्या. बेबीताईला इतकं बरं वाटलं की ती पट्टी रात्रीसुद्धा सोडेना.

आता त्या भोपळ्यात गुडघा वाकणार कसा? वाकवायचं राहूनच गेलं.

तपासणीच्या दिवशी डॉक्टर मैथिलीबाईंनी ती पट्टी उलगडायला घेतली. उलगडता उलगडता टेबलावर ढीग झाला.

"ही कोणी बांधली?"

दीपमाला छताच्या पंख्याकडे पाहू लागली. बेबीताईने खरं ते सांगून टाकलं. डॉक्टर आधी हसल्या. मग त्यांनी गुडघा हळूच वाकवून पाहिला आणि त्यांचं हसू गेलं.

"मावशी, हाड सुरेख जुळतंय. पण सांधा आखडलाय. आत्ता मेहनत घेतली तर सुटेल. उशीर केला तर मग फार जड जाईल, कदाचित वाकणारच नाही."

"मले खाली बसता येईन ना, बाई?"

"असंच ठेवलं तर नाही येणार."

घर आल्यावर किसनराव म्हणाले, "मी काय म्हनतो, आपन एक चांगली खुर्ची घेऊ. गादीवाली." माणूस प्रेमाने बोलला होता, पण बेबीताईला ते असं झोंबलं की तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. तिला भीती वाटत होती. फुटपाथवरची बैठक गेली तर आपण कोण उरणार, हे तिला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पार्बताबाई आली. तिला खुर्ची दिली की तिचा ताठ पाय दारापर्यंत जातो आणि येणाऱ्याला ओलांडून यावं लागतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि आपल्या गुडघ्यावर थाप मारली.

"माही पट्टी पाह्याले अख्खी गल्ली आली होती. लय मान मियाला मले. मीबी पाय जपून जपून ताठ ठेवला. पट्टी पाहून लोकं आपापल्या घरी गेले, बेबी. हा सोटा माह्यापाशी राह्यला."

बेबीताईने तिच्या दारापर्यंत गेलेल्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाली, "दीपमाले, फुलं आन. अन् दोरा."

गुडघा नुसता वाकवत बसणं हे काही तिच्या स्वभावात बसत नव्हतं, रिकाम्या हाताने ती कधी बसलीच नव्हती. तिने अंगठ्याला दोरा अडकवला. पहिल्या दिवशी पाय लांब होता तिथेच राहिला आणि हार ओवायला तिलाच पुढे ओणवं व्हावं लागलं. मग तिने पाय टाचेवर रेटत थोडासा अलीकडे ओढला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिने डॉक्टरांना, नत्थुजींना, ट्यूशनच्या समस्त गाड्यांना शिव्या घातल्या आणि पुढचं फूल ओवलं. रोज पाय आणखी जरा जवळ. व्यायाम शिकवणाऱ्या बाई घरी आल्या, त्यांनी हे पाहिलं, दोन चुका सुधारल्या आणि "चालू द्या" म्हणाल्या.

भेटायला येणाऱ्या बायकांनाही तिने सोडलं नाही. "पट्टी नाई आता. टोंगया वाकतानी पाहा तं पाहा," म्हणायची आणि गुडघा वाकवत पाय ओढायची. पाहणाऱ्यांचेच दात कराकरा वाजत. मग एक एक जण शेवंती निवडायला बसे.

या हारांचा बाजारात फार उपयोग झाला. कारण किसनरावांनी ओवलेला हार दुकानापासून देवापर्यंत जाताना निम्मा रस्त्यात सांडायचा. गिऱ्हाइकं त्यांना विचारत, "किसनराव, बेबीताई कधी येते?" आणि किसनराव त्यांच्यापेक्षाही कळवळून सांगत, "मीबी तेच पुसून राहिलो तिले!"

वॉकर सुटला, काठी आली, पोळा झाला, महालक्ष्म्या झाल्या. डॉक्टरांनी नवा फोटो पाहिला. हाड भरलं होतं. "धरून बसा. मधूनमधून उठून चाला. पहिल्याच दिवशी पराक्रम नको," त्या म्हणाल्या.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी राजापेठेत पाय ठेवायला जागा नसते. झेंडूचे ढीग, आपट्याच्या पानांचे भारे, गाड्यांचे हॉर्न. तिच्या जागेवर किसनरावांनी पोतं अंथरलं, टोपल्या लावल्या, पाण्याची बादली ठेवली आणि ते बाजूला झाले. आजूबाजूच्या सगळ्या विक्रेत्या भाव करायच्या थांबल्या. पार्बताबाईही सुनेच्या टोपल्यांमागे खुर्ची टाकून बसली होती, आज घरी राहणं तिला जमलं नव्हतं.

बेबीताईने किसनरावांचा खांदा धरला. आधी चांगला पाय मुडपला. मग दुसरा. गुडघा ओढला गेला, क्षणभर अडला, आणि वाकला. ती खाली टेकली. पोतं, टोपल्या, तराजू, सगळं हाताच्या अंतरावर आलं. आणि ती बाई भर बाजारात हमसून हमसून रडायला लागली.

नेहमीच्या गिऱ्हाईक चारुशीलाबाई, वकिलांच्या घरच्या, तेवढ्यात झेंडू घ्यायला आल्या होत्या. त्या घाबरून खाली वाकल्या. "काय झालं बेबीताई? फार दुखतंय का?"

"दुखत नाई ओ ताई, म्हनून तं रडून राहिली," पदराने नाक पुसत ती म्हणाली. "रडू द्या जरासं. मंग भाव करू."

चारुशीलाबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि त्या तिथेच थांबल्या.