राणीचं हत्यार

तुमची सून काय करते, असं गावात कुणी विचारलं की मनुबाईंचं उत्तर ठरलेलं असायचं, "घरीच असती की." कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात डोळे फोडून शिकलेली आणि पुण्याच्या कंपनीची नोकरी घरबसल्या करणारी राणी ते आतून ऐकायची आणि गप्प राहायची. भांडता येत नव्हतं अशातला भाग नाही. पण नवरा शिवतेज फौजेत, सीमेवर. सासू मनानं चांगली. आणि भांडून मिळवलेला मान तिला नको होता. सल मात्र होता, तो काही जात नव्हता.

मनुबाईंचंही फारसं चुकत नव्हतं म्हणा. जन्मभर उसात भांगलण केलेल्या बाईनं पंख्याखाली बसून बटणं दाबण्याला काम म्हणायचं तरी कसं? राणीनं एकदा समजावून पाहिलं होतं. पुण्यात एक भलामोठा कॉम्प्युटर आहे, त्याच्या पोटात वेगवेगळ्या गिऱ्हाइकांची मशिनं आहेत. त्यांना हात लावता येत नाही, पण खऱ्या मशिनांसारखीच ती चालतात, रुसतात आणि बंदही पडतात. जे दिसतच नाही ते बंद पडलं म्हणून कुणाचं काय बिघडतं, असं मनुबाईंनी विचारल्यावर राणीनं तो नाद सोडला.

मशीन जागं असलं की त्याच्याशी बोलायच्या साध्यासोप्या वाटा असतात. पण सुरू होता होताच ते अडलं, तर त्या सगळ्या बंद. अशा वेळेसाठी राणीच्या लॅपटॉपवर कन्सोलचं एक वेगळं ॲप होतं. ते उघडलं की थेट त्या मशिनचा पडदा समोर यायचा, जणू खुर्ची ओढून ती त्याच्यापुढेच बसली आहे. त्या चौकटीत एकदा क्लिक केलं की कीबोर्ड आणि माऊस त्या मशिनचे होऊन जायचे, आणि बाहेर यायला दोन बटणं एकदम दाबावी लागायची. तेव्हा राणीही इतकी गुंतायची की मनुबाईंची हाक तिला ऐकूच यायची नाही. मग "गेली बया आत," असं म्हणत मनुबाई स्वतःच चुलीवरचं दूध उतरवायच्या.

खंडेनवमीच्या दिवशी सासऱ्यांनी सकाळीच ट्रॅक्टर धुतला. शिवतेजचा फोन येऊन गेला. पलटणीत शस्त्रपूजा झाली, आता ड्यूटीवर निघालोय म्हणाला. राणी अंघोळ करून देवघरापाशी आली आणि जागच्या जागी थांबली. पाटावर कोयते, खुरपी, विळे मांडले होते आणि त्यांच्या शेजारी तिचा लॅपटॉप. झाकणावर हळदीकुंकवाची बोटं, वर झेंडूचं फूल.

"तुजं हत्यार नगं व्हय पुजायला?" मनुबाई सहज म्हणाल्या आणि नैवेद्याच्या मागे लागल्या.

राणीला भरून आलं. नोकरी लागल्याचं कळलं तेव्हाही तिला इतका आनंद झाला नव्हता. त्या घरात पुजलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवत नसत. सणाची ड्यूटी तर तिनं आपणहून अंगावर घेतली होती, कंपनीतले बाकीचे सगळे सुट्टीवर होते. पण सणासुदीला कशाला काय होतंय, असं म्हणून तिनं लॅपटॉप तिथेच राहू दिला.

दुपारी मिरजेहून श्रेयसचा फोन आला. तो रक्त तपासणाऱ्या एका लॅबचं काम बघायचा. पुण्याच्या कॉम्प्युटरातलं त्यांचं मशीन बंद होऊन पुन्हा सुरू होता होताच अडलं होतं. सगळे रिपोर्ट आत अडकले होते, आणि एका बाईचं ऑपरेशन त्यातल्या रिपोर्टवाचून खोळंबलं होतं. फोनवरून काही करणं शक्य नव्हतं. कन्सोल होता तो लॅपटॉपवर, आणि लॅपटॉप पाटावर.

राणी देवघरासमोर उभी राहिली. इतक्या दिवसांनी मिळालेला मान आपल्याच हातानं उचलून बाजूला ठेवायचा, या विचारानं तिला कसंतरी झालं. शेवटी तिनं मनुबाईंना सगळं सांगितलं.

"आत्या, तिकडं बाई ऑपरेशनला खोळंबलीया. मला ह्ये उचलावं लागंल."

मनुबाई फुलाकडे बघत राहिल्या.

"तू आत गेल्याबिगार न्हाई व्हनार?"

"न्हाई."

"शिवतेजनं सकाळी बंदूक पुजली न्हवं?" मनुबाई म्हणाल्या. "मग ड्यूटीला जाताना ती काय पाटावर ठिवून गेला आसंल?"

त्यांनी फूल काढून देवापुढे ठेवलं, लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलला आणि राणीच्या हातात दिला.

राणीनं कन्सोल उघडला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत मशीन विचारत होतं, डिस्कमध्ये गोंधळ आहे, दुरुस्त करू का? तिथे उत्तर द्यायला कुणी नव्हतं, म्हणून ते बिचारं तसंच ताटकळलं होतं. हळदीच्या बोटानं राणीनं होकाराचं बटण दाबलं. बराच वेळ अक्षरं सरकत राहिली, आणि अखेर मशीन जागं झालं. रिपोर्ट निघायला लागल्याचं श्रेयसनं कळवलं. तरीही राणी उठली नाही. पुन्हा बंद पडायला नको म्हणून बाकीचं तपासत बसली.

तेवढ्यात शेजारीण दारात आली आणि राणी घरातच हाय न्हवं, म्हणून मोठ्यानं विचारू लागली. मनुबाई लगबगीनं उंबऱ्यापाशी गेल्या.

"हळू बोल," त्या म्हणाल्या. "सून ड्यूटीवर हाय."

एरवी आत गेलेल्या राणीला बाहेरचं काही ऐकू येत नसे. एवढं मात्र आलं, आणि समोरची पांढरी अक्षरं तिला जरा वेळ वाचताच येईनात.