धुळ्याचे कार्ड

संवत्सरी जवळ आली की दीपचंद शेठ छापखान्यातून कार्डे आणवत. जळगावातल्या त्यांच्या कापडदुकानाचा हा जुना शिरस्ता होता. मजकूर दरवर्षी तोच: वर्षभरात जाणते-अजाणते, मनाने, वाणीने वा कायेने आपले मन दुखावले असेल, तर हात जोडून क्षमा मागतो. जैन घरांतून अशी कार्डे जातात आणि येतात. दुकानाचे कारकून जीवराम पत्ते लिहीत. त्यांतले एक कार्ड धुळ्याला, गल्ली नंबर चारमध्ये जाई. तिथे शेठजींची थोरली मुलगी कुसुमलता राहत होती. तिचे उत्तर अकरा वर्षांत एकदाही आले नव्हते आणि ती माहेरीही आली नव्हती. तरी कार्डे गेल्यावर आठ-दहा दिवस टपालाच्या वेळी शेठ गादीवरून उठत आणि ओट्यावर येऊन उभे राहत.

ओट्यावर इसाक टेलरचे मशीन होते. "शेठ, पोस्टमनला पण एक पँट शिवून द्या," तो म्हणे. "रोज पाहता त्याच्याकडे." शेठ हसत नसत.

गोष्ट १९६० च्या मे महिन्यातली. कुसुमलता तेव्हा बावीस वर्षांची होती. नवरा वारून दहा महिने झाले होते आणि तीन वर्षांच्या मैनाला घेऊन ती माहेरी आली होती. अशात धाकट्या मुलीला पाहायला भुसावळची मंडळी येणार असल्याचा निरोप आला. त्या दिवशी घरात विधवा मुलगी दिसायला नको, असे शेठजींनी ठरवले. पत्नी धनकुंवरबाई म्हणाल्या, "पोर कालपासून जेवत नाही. दोन दिवस थांबू द्या." शेठ म्हणाले, "उन्हाने कोण जेवतं?" धुळ्याला, तिच्या सासरी जाणाऱ्या दुपारच्या एस.टी.त त्यांनी दोघींना स्वतः नेऊन बसवले. गाडी सुटण्याआधी खिडकीतून हात घालून त्यांनी मैनाच्या कपाळाला लावला. "ऊन लागलंय," ते म्हणाले. "गाडी चालू झाली की वारा लागेल."

चौथ्या दिवशी धुळ्यात मैना गेली. भुसावळची मंडळी ठरल्याप्रमाणे आली, जेवली, आणि मुलगी पसंत नसल्याचे त्यांनी आठवड्याने कळवले.

घरात मग एक वाक्य रूढ झाले: त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक? धनकुंवरबाई ते म्हणत, पुढे धाकट्या मुलीला मिळालेला जावई म्हणे, जैन स्थानकात प्रवचनाला येणारे लोक म्हणत. शेठजींनी ते म्हणू दिले. कपाळ तव्यासारखे तापले होते आणि हात लावताक्षणी तो ताप असल्याचे त्यांना कळले होते, हे त्यांनी कुणालाच सांगितले नाही. मैनाचे नावही त्यांच्या तोंडून पुन्हा निघाले नाही.

१९७१ च्या जुलैत कॉलेजातले एक प्राध्यापक पँटचे कापड न्यायला आले आणि दोन पास ठेवून गेले. शहरात नवी फिल्म सोसायटी निघाली होती. रविवारी सकाळी एका थिएटरात जुना फ्रेंच चित्रपट होता.

इसाकने पास उलटसुलट करून पाहिला. तो नशिराबादचा, रंगात आला की अहिराणीवर येई. "शेठ, चला. फ्रान्सना पिक्चर शे. बठ्ठं दखाडतस म्हने."

"सगळं दाखवतात तर दाखवू देत. मला काय करायचंय?"

"तुम्ही डोळे मिटून बसा. मी पाहीन."

दुकान रविवारी उशिरा उघडे. शेठ गेले.

चित्रपट काळापांढरा होता. तो सुरू होण्याआधी प्राध्यापकांनी माइकवरून मराठीत गोष्ट सांगितली. एक ट्राम कंडक्टर मरतो. वर गेल्यावर त्याला बाकांची रांग लावलेल्या कचेरीत बसवतात. आपल्या तालुक्याच्या कचेरीसारखीच, फक्त भिंती धुक्याच्या. तिथला कारकून त्याला विचारतो, "दुसऱ्या कुणालाही ठाऊक नाही अशी तुझी एक गोष्ट सांग." कंडक्टर सांगतो: एक म्हातारा पायरीवर पाय ठेवत होता. ते मला दिसलं होतं, तरी मी घंटा वाजवली. म्हातारा चाकाखाली गेला. कंडक्टरला दिसलंच नसणार, असं सगळं शहर समजून चाललं. कारकून त्याला सूर्यास्तापर्यंत पृथ्वीवर परत पाठवतो. म्हाताऱ्याच्या बायकोला त्याने हे जाऊन सांगायचे.

शेवटच्या प्रसंगात तो सांगतो. म्हातारी ऐकून घेते. मग उठून दुसरा कप काढते आणि त्याच्यापुढे कॉफी ठेवते. बाहेर ट्रामची घंटा वाजते, आणि चित्रपट संपतो.

बाहेर आल्यावर इसाक करवादला. "एक बाई धड दखाडी नही! बठ्ठा म्हाताराच शेतस!" शेठ त्याच्या बरोबर नव्हते. ते आत खुर्चीवरच बसून होते आणि झाडूवाला त्यांच्या पायांभोवती झाडत होता.

त्या वर्षी धुळ्याचे कार्ड त्यांनी जीवरामला लिहू दिले नाही. संवत्सरीचा उपास झाला, प्रतिक्रमण झाले. दुसऱ्या दिवशी पारणे करून त्यांनी धुळ्याची गाडी पकडली. धनकुंवरबाईंना माल पाहायला जातो म्हणून सांगितले.

गल्ली नंबर चारमध्ये कुसुमलताची एकच खोली होती. सासर सोडून तिने शिक्षिकेची परीक्षा दिली होती आणि आता ती प्राथमिक शाळेत शिकवत होती. दार उघडेच होते. खमतखामणा करायला, एकमेकांची क्षमा मागायला माणसे येत होती. ती प्रत्येकाला हात जोडून "मिच्छामि दुक्कडम्" म्हणत होती, हसत होती आणि चहा देत होती. वडिलांना पाहून तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"या, बापूजी. पारणं झालं?"

"झालं."

तिने त्यांच्यापुढेही चहा ठेवला. हात मात्र जोडले नाहीत.

शेजारच्या धुरपदाबाई दारात डोकावल्या. "वडील का बाई तुमचे? अगं बया! मी समजत होते, गेलेले असतील."

"नाही," कुसुमलता म्हणाली. "आहेत."

धुरपदाबाई गेल्या. शेठजींनी वाक्य गाडीत तीन तास घोळवले होते. "कुसुम, त्या दिवशी मैनाच्या अंगात ताप होता."

"हो."

"मला कळलं होतं. हात लावला तेव्हाच."

कुसुमलता वह्या तपासायला काढत होती. तिचा हात थांबला नाही. "मला ठाऊक आहे."

"तुला कसं ठाऊक?"

"तुम्ही हात काढलात आणि माझ्याकडे पाहिलं नाहीत. वर टपाकडे पाहिलंत, ट्रंक चढली का म्हणून. मी तुमच्या तोंडाकडेच पाहत होते."

"मग तू उतरली का नाहीस?"

"उतरून कुठे जाणार होते?"

गल्लीत कुणी तरी सायकलची घंटी वाजवली. शेठ म्हणाले, "इतक्या वर्षांत बोलली नाहीस."

"तुमचं कार्ड यायचं ना. जाणते-अजाणते. जीवरामभाऊंचं अक्षर. मी वाट पाहायचे, त्यातलं कोणतं ते कधी तरी सांगाल."

"आज सांगतोय."

"चार-पाच वर्षं पाहिली, बापूजी. आता नाही पाहत." तिने वहीवर लाल शेरा मारला आणि पान उलटले. "साडेतीनची गाडी आहे. ती चुकली तर मग पाचलाच."

शेठजींनी चहा संपवला आणि साडेतीनची गाडी धरली. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा शेजारच्या उतारूने विचारले, "धुळ्याला काय काम काढलं होतं?" ते म्हणाले, "माल पाहायला गेलो होतो."

पुढच्या वर्षी ते स्वतः छापखान्यात गेले. मजकुरातला 'अजाणते' हा शब्द गाळता येईल का, असे त्यांनी विचारले. छापखानेवाला म्हणाला, "शेठ, हा ठरलेला मजकूर आहे. लोक म्हणतील, या माणसाने सगळं जाणूनच केलं." कार्डे नेहमीसारखीच छापून आली. धुळ्याचे एक कार्ड त्यांनी बाजूला काढले, 'अजाणते'वर शाईने रेघ मारली, आणि पत्ता स्वतः लिहून स्वतःच्या हाताने पेटीत टाकले.

नवव्या दिवशी पोस्टमनने ओट्यावर कार्ड दिले. इसाकने मशीनवरून मान वर केली. "धुळ्याचं? बघा, आलं ना! मी म्हणत नव्हतो?"

बाजारात तयार मिळते तसले ते कार्ड होते. ठिपक्यांच्या रेघेवर 'श्री. दीपचंदजी, जळगाव' असे लिहिले होते आणि खाली सही होती. आपल्या शाळेतल्या हेडमास्तरांना तिने असेच कार्ड पाठवले असेल, किराणावाल्यालाही. शेठजींनी ते पालथे करून पाहिले. मागे काही नव्हते. मजकूर पुन्हा वाचला. जाणते-अजाणते. दोन्ही शब्द जागच्या जागी होते.

"काय म्हणते बेटी?" इसाकने विचारले.

"क्षमा मागते."

त्यानंतर टपालाच्या वेळी शेठ ओट्यावर आले नाहीत. पुढच्या संवत्सरीला जीवरामने गादीवर कार्डांचा गठ्ठा सोडला, टाक बुडवला आणि विचारले, "शेठ, धुळ्याचं मी लिहू का तुम्ही लिहिता?"

"तू लिही," शेठ म्हणाले.