ललिताच्या भुवया

ललिता तायडे माझी शेजारीण. अकोल्याला पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात कारकून आहे, मूर्तिजापूरहून रोज रेल्वेनं अपडाऊन करते. घरी आल्यावर माणसानं पाय पसरावेत, तर ही बाई चहा घेऊन लगेच बुद्धविहारात जाते आणि वस्तीतल्या दहावीच्या मुलांना फुकट गणित शिकवते. तिच्या शाळेच्या वयात तिला गणित सांगणारं कोणी नव्हतं. तो राग तिनं अजून सोडलेला नाही, असं माझं मत आहे.

मीही तिथं जाऊन बसते. टीव्हीपेक्षा ते बरं.

वस्तीतल्या जमुनाची पोरगी पिंकी ललिताची सगळ्यात लाडकी. वर्गात तिचं एकही गणित चुकायचं नाही, आणि मार्चच्या परीक्षेत नेमकी गणितातच नापास झाली. आता पुरवणी परीक्षा होती. जमुना दालमिलमध्ये कामाला जाते, तिनं सांगून टाकलं होतं, "या खेपेलेबी नापास झाली तं शाळा बंद. माह्यासंग मिलमंधी यायचं." पिंकीला नर्स व्हायचं होतं.

"पोरगी परीक्षेत घाबरते," असं ललिता म्हणायची. मलाही ते खरं वाटलं होतं. मग एका संध्याकाळी मी पिंकीकडे नीट पाहिलं. ती एक ओळ लिहायची आणि मान वर करायची. ललिताच्या भुवया चढल्या की खोडरबर घ्यायची. नाही चढल्या, की पुढची ओळ.

घरी येताना मी विचारलं, "ललिता, तिले गणित येते, का तुहं तोंड वाचता येते?"

ललिता जाम भडकली. "ताई, तुमाले जमत असंन तं तुमीच शिकवा," म्हणाली, आणि चार-पाच दिवस माझ्याशी बोलली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून ती भिंतीकडे तोंड करून बसायला लागली.

मग पिंकीचं गणित धडाधड चुकायला लागलं. "मॅडम, इकडे पाहा न," म्हणून ती रडली. ललिता वळली नाही. मला मागून तिचा चेहरा दिसत नव्हता, पण पदर डोळ्यांना लावताना तिचा हात दिसला. मला वाटलं, आपण उगाच तोंड उघडलं.

हळूहळू चुका कमी झाल्या, आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पिंकीनं वही आणून तिच्यापुढे धरली. ललितानं पाहिलं आणि भुवया चढल्या. पिंकीचा हात खोडरबरापर्यंत गेला, तिथंच थांबला.

"मी नाही खोडत, मॅडम. माहं बरोबर हाये. तुमी करून पाहा."

ललिता उठली, तिनं फळ्यावर ते गणित पहिल्यापासून केलं. उत्तर पिंकीचंच आलं. घाईत ललिताच चुकली होती.

पिंकी पास झाली. अकरावीला नाव घातल्यावर सांगायला आली, "मॅडम, आता मी येत नाही. घरीच जमते मले."

"बरं," ललिता म्हणाली.

घरी परतताना वाटेत ती थांबली. "ताई, हेच पाहिजे होतं न मले?" तिनं विचारलं. "मंग काहून एवढं वाईट वाटून राहिलं?"